मेंदीच्या कुंपणातलं घरटं

"त्या बाईच्या परड्यात जाऊन बसलात ना, तर माझ्या परड्यात पुन्हा पाय ठेवायचा न्हाय, मास्तर," धोंडूबाई म्हणाल्या.

केसरीनाथनं दुर्बीण खाली घेतली. भिवंडीत बदली होऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. शाळा दुपारची, सकाळ मोकळी. तळ्याजवळच्या परड्यांत कोणते पक्षी येतात याची वही करायची त्यानं ठरवलं आणि पहिलं दार ठोठावलं ते धोंडूबाईंचं. त्यांनी गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं आणि पेरूच्या झाडाखाली पाट टाकून दिला.

"पण काकू, घरटं दोघींच्या मधे आहे," तो म्हणाला.

ते खरंच होतं. दोन परड्यांमधल्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलानं वाटीएवढं घरटं बांधलं होतं. इकडून नुसती शेपटी दिसायची. अंडी बघायची तर पलीकडे, गुणाबाईंच्या परड्यातूनच.

"अकरा वर्सं तिच्याशी बोलत न्हाय मी. सांडपानी इकडं सोडती. जीभ तर अशी, की ऐकनाऱ्याला ताप यावा. जा, सांगा तिला मी असं म्हनली म्हनून!"

केसरीनाथ दुसऱ्या दिवशी पलीकडे गेला. घरट्यात तीन अंडी होती, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. तो हरखून गेला. गुणाबाईंनी चहाचा कप त्याच्या पुढ्यात आदळला.

"काय म्हनत व्हती ती माझ्याबद्दल?"

"तुमच्या शेवग्यावर हळद्या येतो म्हणत होत्या. त्यांच्याकडे येत नाही ना, म्हणून वाईट वाटतं त्यांना."

गुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "आनि?"

"आणि काही नाही."

"तिला सांगा, कोंबड्या आवर. दुसऱ्याचं खाऊन माजल्यात. मालकिनीसारख्याच!"

केसरीनाथनं धोंडूबाईंकडे जाऊन सांगितलं की तुमच्याकडे सुभग येतो का, असं गुणाबाई विचारत होत्या.

"तो कसा असतो?"

"पिवळा. चिमणीपेक्षा लहान."

"मग येतो की! रोज येतो!" धोंडूबाईंनी तो कधी बघितलेलाही नव्हता. पण त्या दिवसापासून त्या भांडी घासता घासता झाडांकडे बघू लागल्या.

बघता बघता दोन्ही परड्यांत चुरस लागली. इकडे पाण्याची परात आली, तर तिकडे भाताच्या लोंब्या टांगल्या गेल्या. "माझे नऊ झाले, तिचे किती?" असं रोज विचारलं जायचं. धोंडूबाईंची मुलगी चंद्रा एका सकाळी चहा घेऊन आली. केसरीनाथनं तिला दुर्बीण कशी धरायची ते दाखवलं. तिनं पहिल्याच झटक्यात जास्वंदीवरचा शिंजीर टिपला, जो त्याला तासभर सापडत नव्हता. तो मोठ्यानं हसला आणि वहीत त्या पक्ष्यापुढे तिचं नाव लिहिलं.

अंड्यांतून पिल्लं निघाली आणि त्याच रविवारी गुणाबाईंनी हिरामण गड्याला कोयता घेऊन बोलावलं.

"कुंपन तोडून भिंत घालनार. तिचं तोंडच दिसाय नको मला."

केसरीनाथ धावत कुंपणापुढे आडवा आला. "बारा दिवस थांबा. पिल्लं उडाली की मी स्वतः तोडून देतो."

"थांबते. पन एका अटीवर," गुणाबाई म्हणाल्या. "ती मला खरं काय काय बोलली, ते सांगायचं. रोज तिथं बसता, कान काय गहान टाकलेत? एक शब्द सांगा, हिरामण आत्ता घरी जाईल."

हिरामण कोयत्याची धार अंगठ्यानं बघत होता. पिल्लं चोच वासून चिरकत होती. केसरीनाथनं घरट्याकडे बघितलं. एक शब्द सांगायचा होता. त्याच्याजवळ तर तसले शंभर होते.

"त्या म्हणाल्या," तो सावकाश म्हणाला, "गुणाबाई पाखरांसाठी लोंब्या टांगते. मनानं मोठी बाई आहे."

गुणाबाईंनी पदर कमरेला खोचला. पलीकडच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमची खडखड चालू होती.

"जा रे हिरामण," गुणाबाई शेवटी म्हणाल्या. "बारा दिस ऱ्हाऊ दे."

पिल्लं उडाली ती शुक्रवारी. कारखान्यांच्या सुट्टीचा वार, लूम बंद होते, गल्ली शांत होती. पहिलं पिल्लू काठावर आलं, घाबरलं, पुन्हा आत गेलं. आई पेरूवरून हाका मारत होती. कुंपणाच्या इकडे धोंडूबाई, तिकडे गुणाबाई, दोघी श्वास रोखून उभ्या होत्या. पिल्लू धडपडत निघालं आणि कपड्यांच्या दोरीवर जाऊन झुलायला लागलं.

"उडालं! उडालं!" दोघी एकदम ओरडल्या.

"बघितलंस का गं?" गुणाबाई कुंपणावरून म्हणाल्या.

"बघितलं की!" धोंडूबाई म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

अकरा वर्षांनी! केसरीनाथला काय करावं सुचेना. दुसरं उडालं, तिसरंही उडालं. त्यानं वहीत तारीख घातली, पुढे लिहिलं, 'बुलबुल, तीन पिल्लं, सर्व सुखरूप', आणि शीळ घालत, ढांगा टाकत तो शाळेकडे निघाला. एवढं मोठं काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

तो गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासा होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.

"वन्सं," मग धोंडूबाई म्हणाल्या, "तीन हप्ते खोट्याच शिव्या घातल्या एकमेकींना, पन पोरानं इकडचा शब्द तिकडं केला न्हाय; आता तुमच्या भावाला उद्याच सोयरीक घेऊन त्याच्या गावी धाडू, आपल्या चंद्रीनं तर कवाच होय म्हनलंय."