तीच दुरुस्ती

“सुधारायचा नाही हा प्राणी!” ह्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम युनिक्स सिस्टिमवर नीट चालतील असे करून, त्यांची पॅकेजेस बनवून लोकांना द्यायची, हे ह्यांचं काम. त्यातला एक प्रोग्रॅम धाकट्या भावजींचा. जुनं घर विकल्यापासून दोघा भावांचा अबोला. पण प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की पॅकेज ह्यांनीच करायचं, आणि दर वेळी तिच्यात तीच चूक. भावजींच्या स्वतःच्या मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता तसाच राहिलेला. मग ते दुसऱ्याकडे चालणार कसलं, कपाळ! हे पत्ता बदलतात, दुरुस्ती भावजींना मेलने पाठवतात. सोबत एक कोरडी ओळ, ‘कृपया पुढील वेळी लक्ष द्यावे.’

“एका ओळीचा बदल, तेवढाही ह्याच्याच्यानं होत नाही. थकलो बाई मी. सोडून देतो हे पॅकेज.”

आम्हा जावांचा काही अबोला नव्हता. मी गॅलरीत जाऊन धाकट्या जावेला फोन लावला. “अगं, भावजींना म्हणावं, एकदाची ती दुरुस्ती तुमच्या प्रोग्रॅममध्ये घ्या. इकडे ह्यांचा जीव मेटाकुटीला आलाय.”

“घेतात हो ताई,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “मेल आला की लगेच घेतात. नवी आवृत्ती पाठवायच्या आधी मात्र तेवढी ओळ पुन्हा बिघडवून ठेवतात. म्हणतात, नाहीतर दादा मला मेल कशाला करेल?”