घरटी एक मत

"तांदूळ म्हणजे हो, उडीद म्हणजे नाही," मंडळाचे अध्यक्ष मोहनराव पुन्हा एकदा म्हणाले. जसे काही सगळे बालवाडीतच बसलेत!

दमयंतीचा डोळा नवऱ्यावर होता. कुशलनं दोन्ही दाणे उचलले आणि डब्याशी जाऊन नेमकी तिच्याकडे पाठ केली.

कोळशाच्या खाणीचं गाव, त्यात मराठी घरं अकरा. मंडळाचा नियम घरटी एक मत, आणि घर म्हणजे अर्थातच नवरोबा. मोदक वळायचे बायकांनी, मत द्यायचं यांनी! अख्ख्या जगाच्या आधी न्यूझीलंडनं बायकांना मत दिलं, आणि याच देशात, २००६ साली, आपल्या मंडळींची ही तऱ्हा.

दमयंती नर्स होती. ड्यूटी संपली की दारोदार फिरायची. बायकांनाही मत द्यावं, या तिच्या ठरावाला हो म्हणायचा शब्द पाच पुरुषांनी दिला होता, त्यांत कुशल आलाच. सहावं मत आशालताकाकूंचं. काका गेल्यापासून त्या घराचं मत काकूंकडे होतं. काही ठरवायचं असलं की मोहनरावसुद्धा आधी त्यांच्या घरी जात. "माझी काय काळजी करतेस?" काकू दमयंतीला म्हणाल्या होत्या. "तू नेटानं लढ."

आज ठराव पडला तर पुढची पाच वर्षं तो विषय मंडळात काढायचाच नाही, असा नियम होता. तिचा जीव टांगणीला लागला होता.

मोहनरावांनी डबा ताटलीत उपडा केला.

उडीद सहा. तांदूळ पाच.

"स्वीट ॲज!" मागून कोणीतरी इथल्या बोलीत 'झकास' म्हणालं आणि पुरुष हसले.

काकूंना घरी सोडायचं होतं, म्हणून दमयंती गाडीत बसेपर्यंत गप्प राहिली. मग मात्र तिचा तोल गेला.

"दगाबाज कुठला! आपल्याच घरात निघाला."

"दमू, देवाशपथ, मी तांदूळच टाकला."

"मग पाठ का केलीस?"

"अगं, गुप्त मतदान होतं ना ते!"

"शपथा नकोत मला. तुझं तोंडही बघायचं नाही. काकू, मी आज तुमच्याकडेच राहते."

"खुशाल राहा," काकू मागून म्हणाल्या.

कुशलचा चेहरा पार उतरला. दोघींना उतरवून तो मुकाट्यानं निघून गेला. दमयंतीला रडू आवरेना.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"त्याच्यावर कशाला चिडतेस? शब्दाचा पक्का आहे तो. त्यानं तांदूळच टाकलाय."

"तुम्हाला काय माहीत, काकू?"

काकूंनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुम्हा सगळ्या जणींना मत मिळालं असतं, तर मला म्हातारीला कोणी विचारलं असतं गं?"