जिराफाची झोप

पडद्यामागे जिराफवाला गुडघ्यांवर बसला आणि त्याने उजवा हात बाहुलीच्या मानेत कोपरापर्यंत घातला. पडद्यापलीकडे शाळेचं सभागृह पोरांनी खच्चून भरलं होतं. शेजारी त्याची बायको एका हातात कासव चढवून आणि दुसऱ्यात चंद्राची दोरी धरून बसली होती.

"करंगळी?" तिने हळूच विचारलं.

"जागी आहे."

"मुंग्या आल्या की मुकाट्याने झोपायचं. शहाणपणा करायचा नाही."

"आणि झोपलो तर?"

"तर उद्यापासून जिराफ माझा, कासव तुमचं. ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं. आणि कासवाला मान आत घेऊन बसण्यापलीकडे काम नव्हतं.

वर्षभर या खेळातला जिराफ शेवटी झोपत होता. मूळ नाटकात झोप कुठेच नव्हती. चंद्र खाली येतो, जिराफ मान उंच करून चांगली तीन मिनिटं त्याच्याशी बोलतो आणि मग त्याला नाक लावतो, असा शेवट. पण हात वर धरला की जिराफवाल्याची आधी करंगळी, मग अख्खा पंजा बधिर व्हायचा आणि मान लुळी पडायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा कासवानेच वेळ मारून नेली होती, "श्श, दादा झोपले!" पोरं खदाखदा हसली. मग जिराफ दर खेळाला झोपू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. चंद्र मात्र पेटीत पडून राहिला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, मानेतून हातात उतरणारी नस गळ्याखालच्या हाडापाशी दबतेय. तेव्हापासून तीन महिने हा गडी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हात चौकटीला टेकवून, छाती पुढे काढून उभा. बायको चहाची कपबशी घेऊन त्याच्या काखेखालून ये-जा करायची. हनुवटी मागे, खांदे खाली, श्वास पोटातून. हात उशाशी घेऊन झोपायचं नाही, बाहुल्यांची पेटी त्या खांद्यावर घ्यायची नाही. काल बाईंनी घड्याळ लावून हात वर धरायला लावला आणि म्हणाल्या, "करून बघा खेळ. मुंग्या आल्या तर लगेच खाली." तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

चंद्र उतरला. जिराफाची मान वर गेली.

"काय चंद्रोबा, बऱ्याच दिवसांनी?" त्याचा आवाज असा खणखणीत लागला की मागच्या रांगाही गप्प झाल्या. दोरी धरलेल्या हातावरचं घड्याळ बायकोने त्याच्याकडे वळवलं. एक मिनिट. करंगळी जागी होती. त्याला इतका हुरूप आला की जुनी खोड उसळली. बाहुली वर न्यायची तर खांदा कानाला लागला पाहिजे, ही त्याच्या वस्तादाची शिकवण. खांदा कानाकडे निघाला. आणि करंगळीच्या टोकाशी एक मुंगी हलली.

बायकोने खांदा पाहिला होता, पण कुजबुजली असती तरी पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं. मग कासवच बोललं.

"दादा, खांदे खाली सोडा. हनुवटी मागे. आता श्वास घ्या, पोटातून."

त्याने खांदे सोडले, श्वास घेतला. पडद्यापलीकडे दोनशे पोरांनीही घेतला. सांगणं आपल्यालाच आहे, असं त्यांना वाटलं.

"सोडा," कासव म्हणालं. सगळं सभागृह फुस्स झालं. कासव हसून हसून थरथरायला लागलं.

मुंगी आली तशी गेली. दोन मिनिटं. अडीच. जिराफवाला आनंदाने संवाद विसरला आणि चंद्राला घरच्यांची खुशाली विचारत बसला.

"अहो, नाक," पोरांच्या हशाआड बायको दातांतून म्हणाली.

जिराफाने मान आणखी वीतभर वर नेली. नाक चंद्राला लागलं, चंद्र डुलला आणि टाळ्यांनी पडदा हलला.

त्याने हात खाली घेतला, जिराफ काढला, मूठ उघडली, मिटली. "पाचही आहेत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग कासव माझंच," बायको म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

पडद्यापलीकडे पहिल्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला समजावत होती, "मागच्या वेळी मध्येच झोपला होता ना हा? आज त्याची झोप झालीय."