सप्टेंबरातली जीप

शेंगापोळीचा डबा, जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेला. रविवारी नऊ वाजता एकशे ऐंशी प्रश्न. टपावर दोन गाद्या, एक स्टोव्ह. बेडकाच्या हृदयाचे तीन कप्पे. अज्जीची एक चप्पल रस्त्यावर, दुसरी जीपमध्ये. "खिडकी माझी, आधीच सांगून ठेवते."

हे सगळं एकाच वेळी, शनिवारी सकाळी, लातुरात, मुलींच्या हॉस्टेलच्या फाटकाशी. वर्षाराणी जीवशास्त्राच्या नोट्स छातीशी धरून पायरीवर उभी होती. समोर जीप. जीपमधून तिची आई, म्हणजे अव्वा, उमादेवी, हात हलवत होती. खिडकी पटकावलेली ती अज्जी, साखराबाई, अव्वाची आई. आणि स्टिअरिंगपाशी वडील, अप्पा. तिघं उजाडताच निलंग्याहून निघाले होते.

"मी येत न्हाई म्हणून फोनवर सांगितलं होतं," वर्षाराणी म्हणाली.

"हाव, सांगितलं होतंस," अप्पा म्हणाले. "म्हणून तर दारात आलो."

दरवर्षीचंच होतं हे. सप्टेंबर सरताना भूकंपाचा दिवस यायचा. अप्पांच्या जुन्या गावात लोक श्रद्धांजलीला जमायचे. अप्पा तिकडं कधी फिरकले नाहीत. ते मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचं दुकान बंद करायचे, कुणाची तरी जीप मागून आणायचे आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन लांब जायचे. बीदर झालं, कंधार झालं, औंढा झालं. एका वर्षी तर अव्वाला गोवर आलेला, तरी तिला मागच्या सीटवर झोपवून नेलं होतं. एकच नियम होता. मागं कुणी राहायचं नाही.

पण यंदा वर्षाराणीचं बारावीचं वर्ष होतं. क्लासमधल्या रविवारच्या टेस्टवर तुकडी ठरणार होती. पहिल्या तुकडीला मोठे सर शिकवायचे, बाकीच्यांना मोठ्या सरांचे फोटो.

शेवटी तिनं ठेवणीतलं वाक्य काढलं. निलंग्यात अप्पांविषयी, म्हणजे अमरेशविषयी, हे वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. अमरेशचं अख्खं घर भूकंपात गेलं, आई, वडील, बहीण. हा तेवढा लातुरात क्लासला होता. शिक्षणानं वाचवलं लेकराला. त्या वाक्याच्या जोरावरच तर ती लातूरला आली होती.

"तुम्ही तरी क्लासमुळंच वाचलात ना अप्पा? मग मलाच क्लास बुडवायला का लावून राहिलात?"

अप्पांनी गाडी बंद केली.

अव्वाला दया आली. कुणाची, ते तिलाही कळलं नसेल. "जाऊ द्या हो," ती म्हणाली. "पोरगी न्हाई तर आपण तरी कशाला जायचं? पुढच्या वर्षी बघू. उतर गं आई."

साखराबाईनं कुरकुरत एक पाय खाली टाकला.

"कुणी उतरायचं न्हाई!"

आवाज एवढा होता, की समोरचा टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला. अप्पा खाली उतरले. पायऱ्या चढून लेकीसमोर आले आणि वाकले. खरंच वाकले.

"वर्षा, पाया पडतो तुझ्या. बस."

"अप्पा!" तिनं त्यांचे हात वरच्या वर धरले. केसाएवढी तांब्याची तार न तुटता गुंडाळणारे हात होते ते.

ती वर जाऊन पिशवी घेऊन आली आणि जीपमध्ये बसली.

अहमदपूर. कडकडीत रुसवा.

लोहा. अज्जीनं शेंगापोळी नाकासमोर धरली. रुसवा निम्मा.

नांदेड. गोदावरीच्या पुलावर हात जोडायला अज्जीनं खिडकीतून डोकं काढलं, आणि तिचा हिरवा पदर वाऱ्यावर फडफडला. "अज्जी, पदर आत घे! त्यो ट्रकवाला सिग्नल मिळाला समजून मागंच येऊन राहिला." अज्जी म्हणाली, "येऊ दे की. दिसायला कसा हाय?" अव्वा हसता हसता डब्यावर आडवी झाली. रुसवा संपला.

भोकर. भाजलेली कणसं. अप्पांनी गाणं म्हटलं. "त्यापेक्षा हॉर्न वाजवा," अव्वा म्हणाली.

पुढं सागाचं रान लागलं. किनवटच्या बाजूची ती हिरवी सावली जीपच्या आतपर्यंत आली, आणि चौघंही ज्याच्या-त्याच्या खिडकीतून बघत राहिले.

रविवारी नऊ वाजता वर्षाराणी सहस्रकुंडच्या धबधब्यासमोर कातळावर बसली होती. पाण्याचा गडगडाट पोटात जाणवत होता. अव्वा आणि अज्जी पदर खोचून तुषारात उभ्या होत्या आणि लहान पोरींसारख्या किंचाळत होत्या. अप्पा दगडाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून चहा करत होते. घड्याळ बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं. आता पेपर वाटले असतील.

"अप्पा," ती म्हणाली, "माझी तुकडी गेली. तुम्हाला काहीच वाटत न्हाई?"

"लई वाटतं." अप्पांनी चहा गाळला. "पण टेस्ट परत येती गं."

आणखी काहीतरी ते बोलणार होते. मग चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि भिजणाऱ्या त्या दोघींकडं बघत राहिले, खूप वेळ, पेपर तपासावा तसे, एकही ओळ न गाळता.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, भूकंपाच्या दोन दिवस आधी, अमरेशचे आईवडील आणि बहीण जीप ठरवून श्रीशैलला निघणार होते. लातुरात त्याची टेस्ट होती, तो येत नाही म्हणाला, म्हणून ते गावातच थांबले.