तिसरी थाप

हरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. कुस्तीच्या शोमध्ये एकोणीस वर्षं तेच माझं काम: पाठ टेकायची आणि रेफरीने मॅटवर तीन थापा मारेपर्यंत खांदा उचलायचा नाही.

आज माझी शेवटची लढत. ठरल्याप्रमाणे मी चॅम्पियन पोरीला खाली दाबलं. दुसऱ्या थापेला ती खांदा उचलणार, मग मला पाडणार.

एक. दोन. अख्खं सभागृह रेफरीबरोबर मोजत होतं.

"उचल की खांदा," मी तिच्या कानात कुजबुजले.

"आज नाही उचलत, ताई."

तिसरी थाप पडली. लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. मी सवयीने तशीच पडून राहिले, डोळे मिटून.

खालून ती हळूच म्हणाली, "ताई, जिंकल्यावर उठायचं असतं."