मोहरी, लसूण आणि केळं

कावळा काही शिवेना.

अकरा वाजून गेले होते. रामकुंडावर कावळ्यांना तोटा कधीच नसतो. शेजारी कुणाच्या दहाव्याचे पिंड मांडले, की मेले चार-चार मिळून झडप घालत होते. राजच्या पिंडाकडे मात्र एकही फिरकत नव्हता. एक आला, हातभर लांब बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला.

राजचा मेहुणा ज्ञानेश कठड्याला टेकून हे बघत होता. दहा दिवसांपूर्वी मालेगावच्या अलीकडे, हायवेवर ट्रकनं दाजींच्या मोटारसायकलला उडवलं होतं. ओळख पटवायला ज्ञानेशच गेला होता. चेहरा असा राहिलाच नव्हता. मोटारसायकल दाजींची, पाकीट दाजींचं, मनगटावरचं घड्याळ लग्नात ज्ञानेशच्याच वडिलांनी दिलेलं. पायातले बूट तेवढे त्यानं कधी पाहिले नव्हते. माणूस बियाण्यांच्या कंपनीत सदा फिरतीवर, घेतले असतील कुठंतरी. त्यानं कागदावर सही केली आणि बाहेर येऊन भडाभडा ओकला.

आता एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडत होता. धाकट्या सोमनाथनं वहिनीला अंतर देणार नाही म्हणून शब्द दिला. म्हातारे लहानूबाबा, राजचे वडील, झेंडूच्या मळ्यातला अर्धा वाटा नातीच्या नावावर करीन म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. कावळे ढिम्म.

मग कुजबुज सुरू झाली. आधी बायकांत, मग पुरुषांत. जिवाला काहीतरी लागून राहिलं असणार. घरातनं निघताना वाजलं असेल नवरा-बायकोचं. राजची आई भागुबाई तर सुनेला सगळ्यांदेखत म्हणाली, "तूच कायतरी बोलली असशील त्याला. उगाच नाय असं होत." कावळा शिवल्याबिगर पाण्याचा थेंब घेणार नाही, हेही तिनं जाहीर करून टाकलं.

प्रतिभा मान खाली घालून बसून राहिली. ज्ञानेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा दिवस त्याची बहीण धड जेवली नव्हती, आणि वर हा ठपका! लोक असलं विसरतात थोडंच? पोरीच्या लग्नातसुद्धा कुणीतरी उकरून काढेल.

गुरुजींनी विचारलं, आवडीचं काही खायचं राहिलंय का. पुरणपोळी झाली होती, गुलाबजाम झाले होते, कपभर चहा आणि तंबाखूची पुडीही ठेवून झाली होती. तेव्हा प्रतिभानं मान वर केली.

"त्यांना कॉलेज रोडचा हॉट डॉग आवडायचा," ती म्हणाली.

कुणीतरी त्या नावाचा अर्थ भागुबाईला सांगितला मात्र, तिनं कानांवर हातच ठेवले. माळकऱ्याचं घर! ज्ञानेशला जीव तोडून सांगावं लागलं, की लांबट पावात बटाट्याची तळलेली वळकटी असते, बाकी त्यात कुत्रंबित्रं काही नाही, अंडंसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले, आणा, पण बाराच्या आत. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववावा लागेल. ते झालं असतं तर प्रतिभाला त्या घरात कुणी सुखानं जगू दिलं नसतं.

प्रतिभानं भावाला बाजूला घेतलं. तिनं नीट बजावलं, टोमॅटोचा सॉस थेंबभरही नको, त्याचा वास आला तरी ताट सरकवायचे. चीज नको, ते बोटानं काढून टाकायचे. मोहरीचा पिवळा सॉस, लसणाची लाल चटणी, आणि वर केळ्याच्या चकत्या.

"केळं?"

"गाडीवाला ठेवत नाही. हे घरून खिशात घालून न्यायचे."

सांगता सांगता तिला हसू आलं, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग त्याच तोंडानं ती हमसून रडली.

ज्ञानेशनं घाटावरच दोन केळी घेतली आणि एम-एटी काढली. अशोकस्तंभापाशी गर्दीत अडकला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मनातल्या मनात तो दाजींना विनवत होता, की माझ्यावर राग काढा, कुणावरही काढा, पण माझ्या बहिणीला यातून सोडवा. डोळे भरून येत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

कॉलेज रोडला सहादूची गाडी नुकतीच लागली होती. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ज्ञानेशनं धापा टाकत सगळं सांगितलं, टोमॅटो नको, चीज नको, मोहरी, लसूण, आणि हे केळं. सहादूचा हात थांबला. त्यानं केळ्याकडे बघितलं आणि तो हसायला लागला.

"केळंवाल्या साहेबांचे तुम्ही कोण?"

"मेहुणा. लवकर दे बाबा, बाराच्या आत पोचायचंय."

"त्यांनीच पाठवलं का? एकात भागलं नाही वाटतं त्यांचं."

ज्ञानेशला काही उमगलं नाही. कधीचं बोलतोयस, असं त्यानं विचारलं.

"आत्ताचं. अर्धा तास झाला नसेल," पाव तव्यावर दाबत सहादू म्हणाला. "आठ-दहा दिवसांनी आले होते. मी म्हटलं, नेहमीसारखं बांधून देऊ का? तर म्हणाले, नको, आज इथंच निवांत खातो, आमच्या घरचे सगळे रामकुंडावर गेलेत."