खिशातला कांदा

"रिपोट बदलला हाय," रिता म्हणाली. "हा यांचा नोहे."

डॉक्टर शुभांगींनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. वीरेंद्रचंच होतं. त्याच्या हर्नियाचे टाके केव्हाच सुकले होते, दुखणं मात्र जात नव्हतं. ऑपरेशनमध्ये आत काहीतरी राहिलं, असा रिताला पक्का संशय होता. चिखल्याहून तुमसरला येताना बसमध्येही ती तेच बोलत होती. वीरेंद्र खिडकीबाहेर पाहत होता.

"सोनोग्राफी साफ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ड जीवनसत्त्व मात्र फार कमी आहे. अशा वेळी ऑपरेशननंतरचं दुखणं जास्त जाणवू शकतं. हे उन्हात जातच नाहीत का?"

"घ्या! उन्हातच तं रायतेत! खाणीच्या वर, ट्रकमंदी माल भरतेत. ऊन लागू नये म्हणून मी रोज यांच्या खिशात कांदा टाकतो. अन् तुमी मले शिकवता?"

"उन्हात राबणाऱ्यांचंही कमी निघतं कधी कधी. पण इतकं नाही."

"मंग दुसऱ्याचं रक्त असन. सांगा ना वो तुमी!"

वीरेंद्रने शर्टाचं वरचं बटण लावलं.

रिताचा थोरला भाऊ दूरच्या एका खाणीच्या भुयारात दरडीखाली सापडून गेला होता. म्हणून लग्नाआधी तिने एकच अट घातली होती: भुयारात उतरायचं नाही. वीरेंद्रने हो म्हटलं होतं.

"हाडं दुखतात का, बरगड्या दाबून पाहते," डॉक्टर म्हणाल्या. "शर्ट काढा."

तो घुटमळला. अर्ध्या बाहीचा शर्ट काढताना खिशातला कांदा पडला आणि घरंगळत रिताच्या पायाशी आला. उचलायला ती वाकली, तेव्हा तिला स्वतःचा हात दिसला. ब्लाउजची बाही संपते तिथे रेघ होती. वर गव्हाळ, खाली धानाच्या बांधीत उन्हात राबून करपलेला काळा.

तिने वीरेंद्रच्या हाताकडे पाहिलं. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच गव्हाळ रंग. हा हात ती रोज पाहत होती. असा आज पाहिला.

रिपोर्टची घडी घालून तिने पिशवीत ठेवली. कांदा मुठीतच होता.

"याचं काय करत होते तुमी रोज?"

"डब्ब्यासंग खात होतो," वीरेंद्र म्हणाला. "सगळे वाटून. डोक्यावरच्या बत्तीच्या उजेडात."